नवकलेवर

मनुष्याला नव्याची हौस असते आणि जुन्याची ओढ असते, या दोन्ही गोष्टी सर्वपरिचित आहेत. समाजातील अर्ध्याअधिक वादांच्या मुळाशी या दोन प्रवृत्तींचाच झगडा सापडतो. परंतु हे दोन्ही मोह एकाच वस्तूच्या ठायी एकाच वेळी उत्पन्न व्हावेत, वस्तू नवी असावी म्हणून आपण द्रव्य वेचावे आणि ती जुन्यासारखी दिसावी म्हणून आणखी द्रव्य वेचावे, हा प्रकार त्या मानाने अलीकडचा आहे. आणि त्याचा जितका विचार व्हावयास पाहिजे तितका झालेला आमच्या पाहण्यात नाही. येथे तो विचार आम्ही एका मोटारगाडीच्या निमित्ताने करणार आहोत. मोटारगाडी हा वाङ्मयविषयक मासिकाला शोभणारा विषय नव्हे, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमची एवढीच विनंती की, रथ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरतखंडात एका भिक्षूने एका राजाला विचारला, अशी परंपरा आहे, आणि तो प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात कायमचा जमा झाला आहे. वाहन हा विषय क्षुद्र असेल. वाहनावरून सुचणारा प्रश्न क्षुद्र असेलच असे नाही.

आमच्यापुढे जे उदाहरण आहे ते 'लँड रोव्हर डिफेंडर' या मूळच्या इंग्रजी गाडीचे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंड विजयी झाले होते, पण दरिद्रीही झाले होते. पोलादाची टंचाई होती, आणि जो कारखाना परदेशी माल पाठवून चलन मिळवील त्यालाच ते पुरेसे मिळण्याची आशा होती. रोव्हर कारखान्याचे प्रमुख अभियंते मॉरिस विल्क्स यांची वेल्सच्या उत्तरेकडील अँगलसी बेटावर शेती होती, आणि त्या शेतीवर ते युद्धातून उरलेली एक अमेरिकन 'विलीज जीप' वापरीत असत. ही जीप झिजून निकामी झाली म्हणजे तिच्या जागी आणावयाचे काय, या विवंचनेतून नव्या गाडीची कल्पना निघाली. १९४७ साली रेड व्हार्फ बे येथील वाळूत मॉरिस यांनी आपले बंधू स्पेन्सर यांस तिची आकृती रेखाटून दाखविली, अशी कथा त्या कारखान्याच्या परंपरेत सांगितली जाते. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभारला होता, आणि त्याचे सुकाणूचाक मध्यभागी होते. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली.

आता तिच्या रूपाकडे पाहावे. तिचे अंग चौकोनी व सपाट होते, कारण गोलाईदार पत्रा ठोकण्यास महागडे साचे लागतात, आणि ते करविण्याची ऐपत व सवड त्या वेळी नव्हती. तिचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, कारण पोलाद मिळत नव्हते. तिचा रंग फिकट हिरवा होता, कारण युद्धसाहित्यातून उरलेला रंग तोच स्वस्तात उपलब्ध होता. तिच्या यंत्राची गती पट्ट्याच्या साह्याने करवतीस किंवा मळणीयंत्रास देता येत असे, कारण ती प्रथम शेतकऱ्याची चाकर होती आणि नंतर गाडी. सुंदर दिसावे असा हेतू तिच्या एकाही रेषेच्या मुळाशी नव्हता. गरज, टंचाई आणि घाई या तिघींनी मिळून ती घडविली, आणि पुढे सुमारे अडुसष्ट वर्षे तिच्या मूळ आकृतीत कोणी मोठासा फेरफार केला नाही. 'डिफेंडर' हे नाव तर तिला १९९० साली मिळाले. तोपर्यंत ती नुसती 'लँड रोव्हर' होती. २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहल येथील कारखान्यातून त्या वंशातील शेवटची गाडी बाहेर पडली, तेव्हा वीस लाखांहून अधिक गाड्या जगभर जाऊन पोहोचल्या होत्या. कोठे डॉक्टर, कोठे सैनिक, कोठे मेंढपाळ त्या हाकीत होते. नव्या काळाचे धुराविषयीचे व अपघातातील सुरक्षिततेविषयीचे निर्बंध तिच्या जुन्या देहाला पेलण्यासारखे उरले नव्हते.

त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्याच नावाची नवी गाडी प्रकट झाली. दरम्यान कारखान्याची मालकी बदलत बदलत लेलँड, ब्रिटिश एरोस्पेस, बीएमडब्ल्यू आणि फोर्ड यांच्याकडून २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली होती. आणि ही नवी गाडी सॉलिहल येथे नव्हे, तर स्लोव्हाकियातील नित्रा या गावी तयार होऊ लागली. जुन्या गाडीचा शिडीसारखा पोलादी सांगाडा जाऊन तिच्या जागी अखंड अ‍ॅल्युमिनियमचे कवच आले. अखंड आसाऐवजी प्रत्येक चाक स्वतंत्रपणे झेप घेऊ लागले. परंतु समोरचे गोल दिवे, सरळ उभी पाठ, पाठीवर टांगलेले जादा चाक, छताच्या कडेला असलेल्या लहान खिडक्या, या खुणा राखल्या होत्या. आणि पाहणाऱ्याने ती दुरूनच ओळखावी अशी योजना होती. लोकांनी ती ओळखली. ती अपेक्षेहून अधिक खपली, आणि ज्यांनी जुनी गाडी जन्मात कधी हाकली नव्हती अशांनीही ती 'पुन्हा' मिळाल्याचा आनंद व्यक्त केला.

हा 'पुन्हा' शब्दच आमच्या प्रश्नाचे बीज आहे. जे आपण कधी अनुभवले नाही ते आपणांस पुन्हा कसे मिळावे? आणि जी वस्तू सर्वांगी नवी आहे तिला जुनीचे नाव देणे हे सत्याला धरून आहे काय?

वर उल्लेखिलेला भिक्षू म्हणजे नागसेन, आणि राजा म्हणजे यवनवंशीय मिलिंद. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने त्यास विचारले, जो रथ तू म्हणतोस तो कोणता? त्याचा आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नकार द्यावा लागला, आणि अखेरीस असे ठरले की, हे सर्व अवयव विशिष्ट रीतीने एकत्र आले असता व्यवहारासाठी जे नाव योजले जाते ते रथ. हीच प्रश्नावली आमच्या गाडीस लावून पाहण्यासारखी आहे. सांगाडा म्हणजे डिफेंडर काय? तो बदलला. यंत्र म्हणजे डिफेंडर काय? ते तर अनेकदा बदलले. कारखान्याची जागा, मालक, कारागीर? तेही बदलले. नाव म्हणावे, तर ते नावही पहिली बेचाळीस वर्षे नव्हतेच. तेव्हा नागसेनाच्या मताने हा वाद एका शब्दाचा वाद ठरतो. जुन्याच्या अभिमान्यांनी नव्या गाडीला खोटी म्हणण्यात अर्थ नाही, आणि नव्याच्या चाहत्यांनी तिला खरी म्हणण्यातही नाही.

हे उत्तर तर्काला निरुत्तर करते; पण मनाचे समाधान करीत नाही. कारण मनुष्य केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी नावाला चिकटत नाही. नाव हे त्याच्या लेखी एक वचन असते. मुलाला आजोबांचे नाव ठेवणारा बाप काही मूर्ख नसतो. हा मुलगा म्हणजे ते आजोबा नव्हेत, हे तो जाणतो. तरीही त्या नावाने आपण मुलावर काहीतरी सोपवीत आहोत अशी त्याची भावना असते. ते 'काहीतरी' कोणते, याचा शोध घ्यावयाचा तर रथाच्या दृष्टांताहून वेगळा दृष्टांत घ्यावा लागेल, आणि तो पुरीच्या जगन्नाथाच्या देवळात मिळतो.

तेथील मूर्ती लाकडाच्या आहेत, आणि लाकूड झिजते. म्हणून ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा ठराविक वर्षी विशिष्ट लक्षणांनी युक्त असे कडुनिंबाचे वृक्ष शोधून त्यांच्या नव्या मूर्ती घडवितात. या विधीला 'नवकलेवर' म्हणजे नवा देह असे अन्वर्थक नाव आहे. तो १९९६ मध्ये झाला, आणि त्यानंतर २०१५ मध्ये झाला. नवी मूर्ती जुनीसारखीच दिसते, पण एवढ्याने ती देव होत नाही. रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून व हात वस्त्राने गुंडाळून, सेवक जुन्या मूर्तीच्या पोटातील 'ब्रह्मपदार्थ' काढून नव्या मूर्तीत ठेवतात, आणि मग जुनी मूर्ती भूमीत पुरली जाते. तो पदार्थ काय आहे हे कोणी पाहत नाही, कोणी सांगत नाही. या विधीकडे श्रद्धेने पाहावे की कुतूहलाने, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्हांस त्यातील विचार महत्त्वाचा वाटतो. रूप जसेच्या तसे ठेवणे आवश्यक मानले आहे, परंतु रूप पुरेसे मानलेले नाही. आणि देह बदलणे हे पाप मानलेले नसून कर्तव्य मानले आहे. जुन्या आणि नव्या वस्तूंचा संबंध कसा असावा याविषयी याहून समतोल मत आम्हांस दुसरीकडे आढळले नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो: या गाडीचा ब्रह्मपदार्थ कोणता, आणि तो नव्या देहात गेला आहे काय?

आमच्या मते तो पदार्थ म्हणजे वाट नसलेल्या ठिकाणी कामास येण्याची पात्रता. चौकोनीपणा हा त्या पात्रतेचा एके काळचा परिणाम होता, ती पात्रता नव्हे. या कसोटीवर नव्या गाडीतील गोष्टींचे दोन वर्ग सहज पडतात. जुनी गाडी सुमारे ५०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शके. नवी ९०० मिलिमीटरमधून जाऊ शकते. जुन्या गाडीत अखेरपर्यंत अपघाताच्या वेळी माणसाला सावरणाऱ्या हवेच्या पिशव्या नव्हत्या. नवीला युरोपातील सुरक्षिततेच्या परीक्षेत २०२० साली पाचही तारे मिळाले. नव्या गाडीत चालकासमोर मॅग्नेशियमची एक आडवी तुळई उघडी दिसते; ती केवळ शोभेची नसून गाडीच्या अंगाचा भार खरोखरच वाहणारी आहे. हा सर्व भाग पहिल्या वर्गातला. दुसऱ्या वर्गातील उदाहरण म्हणून गाडीच्या तोंडावरील नक्षीदार पट्ट्या घ्याव्यात. जुन्या गाडीवर लोक तेथे नक्षीचा जाड धातूचा पत्रा बसवीत, आणि त्याचे कारण असे की, त्यावर पाय देऊन उभे राहता यावे. नव्या गाडीवर त्याच नक्षीच्या पट्ट्या प्लास्टिकच्या आहेत, आणि त्या शोभेच्या आहेत. एकाच गाडीत वारसा आणि वेष हे असे शेजारी शेजारी नांदत आहेत. जो भाग काम करतो तो वारसा. जो भाग केवळ पूर्वीच्या कामाची आठवण करून देतो तो वेष. वेष वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु या दोहोंतील भेद ओळखता येणे ही सुसंस्कृत मनाची खूण आहे, आणि तो भेद पुसून टाकणे हाच जाहिरातीचा धंदा आहे.

रूप आणि पदार्थ यांची फारकत झाली म्हणजे कसा पेच उत्पन्न होतो याचे एक मनोरंजक प्रकरण याच गाडीच्या बाबतीत घडले. जुनी गाडी बंद होत असता जिम रॅटक्लिफ नावाच्या इंग्रज उद्योगपतीला ती इतकी प्रिय होती की, त्याने तिच्यासारखीच एक नवी गाडी काढण्याचे ठरविले. 'ग्रेनेडियर' नावाची ती गाडी पुढे फ्रान्समधील हॅम्बाख येथे बनू लागली. तिच्यात शिडीचा सांगाडा आहे, अखंड आस आहेत, चौकोनी अंग आहे. नाही ते फक्त नाव. जुन्या गाडीची आकृती ही आपल्या मालकीची खूण आहे असा दावा तिच्या कारखान्याने केला होता. परंतु इंग्लंडच्या व्यापारचिन्हांच्या कचेरीने तो २०१९ साली आणि तेथील उच्च न्यायालयाने २०२० साली अमान्य केला. जे भेद तज्ज्ञांना मोठे वाटतात ते सामान्य ग्राहकाच्या ध्यानातही येत नसतील, असे कायद्याचे म्हणणे पडले. म्हणजे आज एका घराण्यात नाव आहे आणि दुसऱ्यात देह आहे. खरा वारस कोणता, हे न्यायालयाने सांगितले नाही, आणि ते त्याचे कामही नव्हते. परंतु भाऊबंदकीच्या दाव्यांशी ज्यांचा परिचय आहे अशा आमच्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही; एका भावाकडे देवघर जाते, दुसऱ्याकडे वाडा जातो, आणि दोघेही आपणच घराणे चालवीत आहोत असे म्हणतात.

हीच गोष्ट आमच्या घराच्या अधिक जवळ आणून पाहता येते. ज्या विलीज जीपवरून लँड रोव्हर सुचली, तीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळविण्याचे काम महिंद्रांच्या कंपनीने हाती घेतले. ही कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघाली होती. फाळणीनंतर तिचे भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. परवान्याने आलेली ती जीप पुढे या देशाच्या अंगवळणी पडली. तहसीलदार, जंगलखात्याचे अधिकारी, पुढारी आणि लग्नाची वऱ्हाडे यांनी तिला इतके आपलेसे केले की, ती परकी आहे हे कोणाच्या मनातही येईना. त्याच वंशातील 'थार' २०१० मध्ये निघाली, आणि २०२० मध्ये तिने नवे कलेवर धारण केले. नाशिकला बनणाऱ्या या नव्या गाडीत पक्के छत आले, मागची आसने पुढे तोंड करून बसली, आणि आपोआप गती बदलणारे यंत्र आले. तिची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाख रुपयांना गेली, आणि ते पैसे महामारीच्या मदतकार्यास दिले गेले. त्याच वर्षी, या घराण्यातील 'रॉक्सर' ही गाडी मूळच्या जीपच्या रूपाची नक्कल करते असा निर्णय अमेरिकेतील व्यापार आयोगाने दिला, आणि तिचा मुखवटा बदलावा लागला.

या निर्णयाची कायद्याची बाजू आम्ही येथे तपासीत नाही. परंतु ज्या रूपाच्या मालकीवरून हा वाद झाला त्या रूपाचा जन्म कसा झाला हे पाहिले असता गंमत वाटल्यावाचून राहत नाही. १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना तयार केला तो 'बॅन्टम' नावाच्या लहानशा कारखान्याने. सैन्याने त्याची आकृती विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांसही दाखविली. जीपच्या तोंडावरील उभ्या फटींची जाळी, जिला आज तिच्या चेहऱ्याचे सर्वस्व मानतात, ती मूळची फोर्डच्या कारखान्यातली. पट्ट्या जोडून जाळी करण्यापेक्षा एकाच पत्र्यातून ती ठोकून काढणे स्वस्त पडते म्हणून विलीजनेही ती उचलली. म्हणजे ज्याला आज घराण्याची मुद्रा म्हणतात ती एका प्रतिस्पर्ध्याकडून, चार पैसे वाचविण्यासाठी, घेतलेली वस्तू होती. घराण्यांच्या मुद्रांची कुळकथा शोधू गेले तर पुष्कळ ठिकाणी असेच काही हाती लागेल. वारसा हा निर्भेळ कोठेच नसतो. तो कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर उगमात सापडत नाही, वापरात सापडते. ज्यांनी सत्तर वर्षे ती गाडी चिखलातून ओढली त्यांचाही तिच्यावर काही हक्क पोहोचतोच.

आता अधिक बिकट प्रश्नाकडे वळू. गाडी खरी आहे असे मानले, तरी तिच्यावर लुब्ध होणारे आपण खरे आहोत काय? या बाबतीत जे आक्षेप घेतले जातात त्यांत तीन मुख्य आहेत.

पहिला आक्षेप ढोंगाचा. ज्या गाडीला ओढे ओलांडता येतात ती गाडी घेऊन मनुष्य कचेरीत जातो आणि भाजी आणतो. मग हे वीराचे सोंग नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाटतो तितका बिनतोड नाही. जे सामर्थ्य रोज वापरले जात नाही ते खोटे ठरत नाही. पोहता येणारा मनुष्य बहुधा पुलावरूनच नदी ओलांडतो, म्हणून त्याचे पोहणे सोंग होत नाही. परंतु येथे एक भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पोहणाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी असते. गाडीचे सामर्थ्य गाडीच्या अंगी असते. पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहत असता, आपल्या गाडीला ९०० मिलिमीटर पाणी चालते एवढ्या भरवशावर जो तिला प्रवाहात घालतो, त्याला हे ठाऊक नसते की, हा आकडा पाण्याची खोली सांगतो, पाण्याची ओढ सांगत नाही. ज्या जुन्या लोकांनी या नावाला कीर्ती मिळवून दिली ते पाण्यात पाऊल घालण्यापूर्वी काठीने तळ चाचपून पाहत. नाव विकत मिळते. काठीने तळ पाहण्याची बुद्धी विकत मिळत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जी वस्तू शेतकऱ्यासाठी, टंचाईत, टाकाऊ रंग लावून घडविली गेली, तिची वंशज आज हिंदुस्थानात एक कोटी रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक किंमतीला विकली जाते, आणि ती घेणारा शेतकरी नसतो. तिसरा आक्षेप दुसऱ्यांस होणाऱ्या उपद्रवाचा. दोन टनांहून अधिक वजनाची उंच गाडी आपल्या अरुंद रस्त्यांवर आली म्हणजे आतल्यांची सुरक्षितता वाढते, पण पायी चालणाऱ्याची वाढतेच असे नाही. आणि तिला लागणारे तेल व तिचा धूर यांचा भार सर्वांवर पडतो. या तिसऱ्या आक्षेपाला आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही, आणि ज्यांनी ही गाडी घेतली आहे त्यांनी तो शांतपणे ऐकून घ्यावा असेच आम्ही म्हणू.

दुसरा आक्षेप मात्र आम्हांस सर्वांत विचारार्ह वाटतो, आणि तो मोटारीपुरता मर्यादित नाही. पूर्वजांची टंचाई ही वंशजांची शोभा होते, हा या काळाचा एक विलक्षण नियम दिसतो. मध्यमवर्गीय घरांतून आज काय दिसते ते पाहावे. आजीचे घंगाळ दिवाणखान्यात येऊन बसले आहे आणि त्यात फुले तरंगत आहेत. जाते धुऊनपुसून कोपऱ्यात मांडले आहे, आणि त्याच्या पाळीवर काच ठेवून चहाचे पेले ठेवण्याची सोय केली आहे. वाडा पाडून जी इमारत उभी राहिली तिच्या दाराशी त्याच वाड्याचा एक कोरीव खांब टेकू न देता उभा आहे. हे सर्व प्रेमाने केलेले असते याविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्या बाईने पहाटे उठून त्या जात्यावर रोजचे दळण दळले तिला ते शोभेचे वाटत नव्हते. तिचे हात दुखत होते. ते दुखणे विसरून जाते तेवढे ठेवून घेणे हा तिचा गौरव म्हणावा की तिचा विसर?

आम्हांस वाटते की, ही गोष्ट जाते ठेवले किंवा टाकले यावर अवलंबून नाही; ते पाहून आपण काय करतो यावर आहे. जात्याकडे पाहून ज्याला घरातील आजच्या राबणाऱ्या हातांची आठवण होते, त्याने जात्याचा ब्रह्मपदार्थ नव्या देहात नेला. जो केवळ त्याच्या दगडाची ठेवण वाखाणतो त्याच्याजवळ लाकडी मूर्ती आहे, देव नाही. गाडीचेही तसेच. त्या जुन्या गाडीचे खरे गुण, म्हणजे जे हाताशी आहे त्यातून भागविणे, दिखाऊपणा टाळणे, बिघडल्यास स्वतः दुरुस्त करणे, आणि अडलेल्याला ओढून काढणे, हे होते. यांपैकी एकही गुण कारखान्याला पत्र्यात ओतता येत नाही. तो चालकाने आणावयाचा असतो. अडचणीच्या वेळी शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारा मनुष्य साध्या जुन्या दुचाकीवरूनही त्या परंपरेचा वारस ठरू शकेल. आणि तसे नसेल तर एक कोटीची गाडीही त्याला वारसा देऊ शकणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, असे असेल तर जुन्या रूपाची आवश्यकताच काय? गुण असले म्हणजे झाले. आम्ही इतके कठोर होऊ इच्छीत नाही. पुरीच्या पुजाऱ्यांनी मूर्तीचे रूप बदलले नाही, यात शहाणपण आहे. मनुष्याचे चित्त निराकाराला फार काळ धरून राहू शकत नाही. त्याला डोळ्यांपुढे काहीतरी लागते. गोल दिव्यांची, सरळ पाठीची ती आकृती रस्त्यावर दिसली म्हणजे, सुंदर दिसण्याची इच्छा न धरता केलेले प्रामाणिक काम काही काळाने सुंदर होते, या सत्याची क्षणभर आठवण होते. तिच्याविषयी लोकांना जे आकर्षण वाटते त्याचे मूळ आमच्या मते येथे आहे. आजच्या बहुतेक वस्तू आपणांस आवडाव्यात म्हणून घडविलेल्या असतात, आणि त्या सतत आपली मनधरणी करीत असतात. ज्या वस्तूला आपल्या आवडीनिवडीची पर्वा नव्हती, जिला फक्त आपले काम करावयाचे होते, तिच्या सहवासात मनाला एक प्रकारचा विसावा वाटतो. ती ओढ खोटी नाही. मात्र तीच वस्तू आता आपली मनधरणी करण्यासाठी पर्वा नसल्याचा आव आणीत असेल, तर तो आव कोठे सुरू होतो हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

सारांश, जुने नाव धारण करणाऱ्या नव्या वस्तूस, आणि अर्थात् नव्या माणसासही, विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. तुझ्या पूर्वजाने जे काम केले ते तुला करता येते काय? आणि पूर्वजाकडून जी उणीव राहिली ती तू भरून काढलीस काय? पहिल्या प्रश्नाला जो होकार देतो तो वारस. दुसऱ्यालाही जो देतो तो सुपुत्र. नव्या डिफेंडरने पाणी अधिक खोल कापून आणि आतल्या माणसांचे जीव अधिक राखून या परीक्षेत बरेच गुण मिळविले आहेत, आणि प्लास्टिकच्या नक्षीने काही घालविले आहेत. तिच्या खरेदीदारांची परीक्षा मात्र कोणत्याही प्रदर्शनात होत नाही. ती पहिल्या मोठ्या पावसात, दुसऱ्या कोणाची तरी गाडी चिखलात रुतलेली दिसते तेव्हा, होत असते.